लाकडी ड्रमस्टिक्स मुंबईच्या दमट हवेत कशा सांभाळायच्या? (नव्या आणि जुन्या, दोन्ही)

मेघना_माहीम | २१ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, प्रश्न दोन आहेत पण एकाच धाग्यात विचारते.

पहिला लेकीसाठी. सातवीत आहे, ड्रम्स शिकते, ७ए च्या (बारीक, हलक्या मापाच्या) स्टिक्स वापरते. वरचा भाग कुरतडल्यासारखा होतो, तुसं निघतात, आणि पाऊस सुरू झाला की स्टिक्स हाताला चिकट लागतात. एका जोडीवर तर पांढरट हिरवी बुरशी धरली. आमचं घर तळमजल्यावर, समुद्राकडची भिंत ओल धरते.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. माझे सासरे ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवायचे. बाबा गेल्यावर सासूबाईंनी त्यांच्या स्टिक्सच्या जोड्या रेक्झिनच्या पिशवीत रबरबँड लावून ठेवल्या होत्या. परवा पिशवी उघडली तर रबरबँड वितळून लाकडाला चिकटलेत आणि एका जोडीला बारीक बारीक भोकं पडून आतून मैद्यासारखी पावडर गळतेय. कोणी म्हणतं तेल लावा, कोणी म्हणतं घासून पॉलिश करून फ्रेममध्ये लावा. आईंना त्या काठ्या जशाच्या तशा हव्यात. काय करू?

मिडलस्टंप | २१ जून, रात्री ११:०२

जवसाचं तेल. डोळे झाकून. आम्ही बॅटला पिढ्यानपिढ्या लावतोय, मेट्रो सिनेमाच्या मागे कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळेल. फडक्याने हलका हात मारा, रात्रभर आडवी ठेवा, दुसऱ्या दिवशी पुसा. लाकूड कोरडं पडलं की तडकतं, तेल पाजलं की टिकतं.

तुळशीपाइपवाला | २१ जून, रात्री ११:१०

वाचतोय. आमच्या घरात स्टिक्स टिकवायचा एकमेव उपाय म्हणजे वरच्या मजल्यावरच्या आजी. नऊ वाजले की त्या काठीने जमीन ठोकतात, की आमच्या काठ्या बंद :)

बॅकबीट | २२ जून, सकाळी ८:१५

मेघनाताई, मी मुलांना ड्रम्स शिकवतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं सांगतो, दुसऱ्यावर जाणकार बोलतील.

स्टिक कुरतडली जाते ती जवळजवळ नेहमी दोनच ठिकाणी. एक म्हणजे टोकाच्या खालचा निमुळता भाग, जो हाय-हॅटच्या (पायाने उघडझाप होणाऱ्या दोन झांजांच्या) कडेवर आपटतो, आणि दुसरं म्हणजे त्याच्या थोडं खाली, जिथे रिमशॉट मारताना (ड्रमचा पडदा आणि कड एकदम ठोकताना) स्नेअरची, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमची, लोखंडी कड लागते. हे झिजणारच, लाकूड आणि धातू एकमेकांवर आदळले तर लाकूडच हरणार. पण किती लवकर झिजेल हे आपल्या हातात असतं. क्रॅशवर (जोरात मारायच्या झांजेवर, म्हणजे सिम्बलवर) काठी सरळ काटकोनात घुसवायची नाही, तिरकी घासून बाहेर काढायची. सिम्बलची वरची चाकी गच्च आवळायची नाही, सिम्बलला डुलायला जागा पाहिजे, नाहीतर सगळा धक्का काठीला बसतो (आणि सिम्बललाही तडा जातो, तो तर काठीच्या कितीतरी पट महाग). सातवीतली मुलगी जोर लावते तो बहुतेक खांद्यातून लावत असेल, तिच्या सरांना एकदा बघायला सांगा.

विकत घेतानाच काळजी घेतली तर निम्मं काम होतं. काचेच्या काउंटरवर काठी लोळवून बघा, वाकडी असेल तर टप टप आवाज करत डुगडुगते. मग रेषा बघा. लाकडाच्या रेषा काठीच्या लांबीला धरून सरळ गेल्या पाहिजेत, मध्येच तिरक्या होऊन कडेला बाहेर पडत असतील तर ती काठी नेमकी तिथूनच तुटणार. धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये (वाद्यांच्या दुकानात) किंवा कुठेही गेलात तरी लोळवून बघायला कोणी नाही म्हणत नाही.

रोजचं म्हणाल तर वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने घाम पुसायचा. तुसं निघाली तर २२० नंबरचा पॉलिश पेपर फक्त त्या तुसांवर हलका फिरवायचा, अख्खी काठी घासायची नाही, वरचा कोट (पॉलिशचा थर) जातो आणि काठी हलकी होते. टोकाचा टवका उडाला असेल तर ती काठी खऱ्या ड्रमवर बंद, ड्रमच्या पानाला (ताणलेल्या पडद्याला) खड्डे पडतात. प्रॅक्टिस पॅडवर (सरावाच्या रबरी तबकडीवर) चालेल. आणि मध्ये चीर गेली असेल तर फेव्हिकॉल वगैरे लावून वाजवू देऊ नका प्लीज, तुकडा उडाला तर डोळ्यात जाईल.

लाकूडपारखी | २२ जून, सकाळी ११:३०

मिडलस्टंप, तेलाच्या बाबतीत तीव्र असहमत. बॅट विलोची असते, मऊ लाकूड, दाबून केलेली, आणि बिनकोटाची मिळते. तिथे तेलाला काम आहे. ड्रमस्टिक बहुतेक हिकरीची (हे टणक लाकूड), नाहीतर मेपल किंवा ओक, आणि कंपनीतून निघतानाच वर लॅकरचा पातळ थर असतो. त्यावर तेल लावलं तर ते आत जातच नाही, वर बसून राहतं आणि हात घसरतो.

दुसरं असं की मुंबईत लाकूड कोरडं पडतंय हे दुखणंच नाहीये. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवा ८५-९० टक्क्यांना असते, तेव्हा तेच लाकूड १८-२० टक्क्यांपर्यंत जातं. काठीची एक बाजू ओल्या भिंतीला आणि दुसरी मोकळ्या हवेत असेल तर एका अंगाने फुगते आणि वाकते. तुमची काठी भिंतीशी टेकवून उभी ठेवत असाल तर वाकणारच. आडवी ठेवा, भिंतीपासून लांब.

आणि जवसाचं तेल बाष्प अडवतं ही समजूत पण चुकीची आहे. ते त्या कामात अगदी कच्चं आहे. त्यापेक्षा चपडा लाखेचं पॉलिश किंवा मेण कितीतरी जास्त अडवतं. पूर्ण कोणीच अडवत नाही, फक्त वेग कमी होतो. तरी कोणाला बिनकोटाच्या काठीला जवसाचं तेल लावायचंच असेल तर ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, तेव्हा उष्णता निघते, आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

मिडलस्टंप | २२ जून, दुपारी १२:०५

फडक्याचं माहीत नव्हतं, धन्यवाद, आमच्या क्लबच्या किट रूममध्ये आजच सांगतो. बाकी तेलाबद्दल माझं मत कायम आहे. माझ्या भावाच्या बिनकोटाच्या काठ्या तेलावरच चांगल्या टिकल्यात.

कुंदा_काकू | २२ जून, दुपारी २:२०

खोबरेल चालेल का? घरात तेच असतं.

लाकूडपारखी | २२ जून, दुपारी २:४५

नको काकू. खोबरेल वाळतच नाही, चिकट राहतं आणि धूळ धरतं. शेंगदाण्याचं, तिळाचं पण नको.

ताशेकरी_गिरगाव | २२ जून, संध्या. ७:५०

ड्रमकिटवाल्यांनी धागा काबीज करायच्या आत पथकवाल्यांचंपण ऐका राव. आमचं दुखणं मोठं आहे कारण आमचा सीझनच पावसाळा. सराव सुरू होतो जूनच्या शेवटाला, पाडव्याच्या शोभायात्रेनंतर सगळं बांधून ठेवलेलं असतं ते तेव्हा उघडतो. ढोलाची टिपरं लाकडाची, ताशाच्या काड्या काही वेताच्या काही फायबरच्या. पूर्वी सगळं गोणपाटाच्या पोत्यात कोंबायचे, मिरवणुकीहून भिजून आलं तसंच. दोन दिवसांनी पोतं उघडलं की वास आणि बुरशी.

आता आम्ही कांदे येतात ना त्या जाळीच्या गोणी वापरतो. भिजलेलं टिपरू आधी कोरड्या फडक्याने पुसायचं, मग जाळीच्या गोणीत घालून मंडपात नाहीतर जिन्यात पंख्याखाली टांगायचं. उन्हात नाही टाकायचं, एकदम वाळलं तर तडकतं. प्लास्टिकच्या पिशवीत ओलं टिपरू ठेवणाऱ्याला आमच्याकडे पुढच्या सरावाला ढोल मिळत नाही, नुसता ध्वज.

आणि गुलाल. गुलाल, घाम आणि पाऊस असं तिन्ही मिळून मुठीवर जो थर बसतो तो ओल्या फडक्याने पुसला की रंग लाकडात उतरतो, मग जात नाही. आधी सुकू द्या, मग जुन्या टूथब्रशने कोरडाच झाडा, मग फडकं.

बॅकबीट | २२ जून, रात्री ९:१०

+१, जाळीच्या गोणीची आयडिया उचलतोय. मेघनाताई, लेकीची स्टिकबॅगपण रात्री उघडी ठेवा, चेन लावून दप्तरात कोंबली की घाम आतच राहतो.

लालबागचा_पॅडवाला | २३ जून, रात्री १२:४०

बेंजो पार्टीत ऑक्टापॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) वाजवतो, माझा मुद्दा वेगळा आहे. पॅडवर रबर असतं त्यामुळे काठी झिजत नाही, पण टवका गेलेली काठी रबराला ओरखडे पाडते, आणि पॅडचं रबर बदलणं म्हणजे काठ्यांच्या पन्नास जोड्यांचे पैसे. म्हणून पॅडची जोडी वेगळी आणि रोटो, साईड या ड्रम्सची जोडी वेगळी. पॅडच्या जोडीला मी लाल टेप लावतो, ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. टेपवरून आठवलं, इन्सुलेशन टेप मुठीला लावू नका, गरमीत त्याचा गोंद पाघळतो आणि हाताला येतो. कापडी टेप लावा नाहीतर बॅडमिंटनची ग्रिप.

हायहॅट_अंधेरी | २३ जून, सकाळी १०:००

एवढं सगळं करण्यापेक्षा नायलॉन टिप घ्या. नाहीतर ॲल्युमिनियमच्या काठ्या, त्यांना ना बुरशी ना भुंगा. लाकडाचा हट्ट कशाला?

बॅकबीट | २३ जून, सकाळी १०:२५

नायलॉन टिपला माझा विरोध नाही, १९५८ मध्ये जो कॅलाटोने ती काढली तेव्हा प्रश्न हाच होता की लाकडी टोकाचे टवके उडतात. पण नायलॉनने राइड सिम्बल (ज्यावर सतत ताल धरतात ते) जास्त चमचमीत वाजतं, सगळ्या गाण्यांना ते शोभत नाही. आणि काठी बाकीची लाकडाचीच असते, मधून तुटायची ती तुटतेच. धातूच्या काठ्यांनी लहान मुलाने शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हिकरी धक्का स्वतः पिते, मनगटापर्यंत कमी पोचवते. वाढत्या वयात मनगट काठीपेक्षा महत्त्वाचं आहे.

हायहॅट_अंधेरी | २३ जून, सकाळी १०:३१

मनगटाचा मुद्दा पटला. सिम्बलचा नाही पटला, मला चमचमीत आवडतं :)

जतन_फोर्ट | २३ जून, रात्री ९:३०

मेघना, तुमचा दुसरा प्रश्न सगळे विसरले म्हणून मुद्दाम लिहितेय. मी वस्तू जतनाचं काम शिकले आहे आणि लाकडी वस्तूंवर काम करते.

सगळ्यात आधी ती भोकंवाली जोडी बाकीच्यांपासून वेगळी करा, आजच. तुम्ही जे वर्णन केलंय, एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि मऊ बारीक पावडर, ते वाळवीचं नाही. वाळवी मातीच्या नळ्या करते. हा लाकूड पोखरणारा भुंगा आहे, इंग्रजीत पावडर पोस्ट बीटल म्हणतात तो. हिकरी आणि ओक त्याला विशेष आवडतात कारण त्या लाकडाची छिद्रं मोठी असतात आणि त्यात मादी अंडी घालते. कोट शाबूत असेल तिथे ती अंडी घालू शकत नाही, म्हणून बघा, तुमची भोकं बहुधा कोट झिजलेल्या जागीच जास्त असतील, म्हणजे टोकाकडे, घासलेल्या निमुळत्या भागावर आणि मागच्या बुंध्याला.

आता किडा जिवंत आहे की जुनीच भोकं आहेत ते कळायला हवं. काठी हलकेच ठोकून सगळी पावडर काढा, काळ्या कागदावर ठेवा आणि काही आठवडे हलवू नका. नवी पावडर पडली तर आत कोणीतरी आहे. पण खरं सांगायचं तर मी वाट बघणार नाही, सरळ थंडीचा उपाय करेन. औषध मारायचं नाही, रॉकेल तर अजिबात नाही.

पद्धत अशी. काठ्या स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून टेपने सील करा. उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. निदान २४ तास तशीच बंद राहू द्या. मुंबईत तर हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण गार लाकडावर दमट हवेतलं पाणी क्षणात जमतं, ते पिशवीच्या बाहेर जमलं पाहिजे, काठीवर नाही.

सिंगल डोअर फ्रिजच्या वरच्या छोट्या कप्प्यावर विसंबू नका, तो बहुतेक वेळा एवढा थंड होत नाही. साधा फ्रीझर थर्मामीटर मिळतो, तो ठेवून बघा.

तुळशीपाइपवाला | २३ जून, रात्री ९:४४

माहीमच्या घरात दोन आठवडे फ्रीझर काठ्यांना? पापलेट कुठे राहणार?

मेघना_माहीम | २३ जून, रात्री १०:०५

पापलेट शेजारी राहील, आईंनी आत्ताच परवानगी दिली :) जतनताई, खूप खूप आभार. रबरबँडचं काय करू? नखाने खरवडला तर खाली लाकडाचा कोट निघेल अशी भीती वाटतेय.

जतन_फोर्ट | २४ जून, सकाळी ७:५५

खरवडू नका, आणि थिनर, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावू नका. जुन्या काठीवर लॅकर असो की लाखेचं पॉलिश, स्पिरिटने ते विरघळू शकतं. फ्रीझरमधून काढून २४ तास झाल्यावर पिशवी उघडाल तेव्हा बघा, रबर कडक झालं असेल तर लाकडी टूथपिकच्या चपट्या बाजूने हळूच उचलतं का बघा. निघेल तेवढं काढा. नाही निघालं तर डाग तसाच राहू द्या.

घासून पॉलिश करण्याचा विचार मात्र सोडा. त्या काठीवर हाय-हॅटच्या कडेने पडलेल्या चऱ्या आहेत ना, त्या तुमच्या सासऱ्यांच्या हाताच्या आहेत. डाव्या आणि उजव्या काठीवरच्या खुणा शेजारी ठेवून बघा, वेगळ्या दिसतील. पॉलिश पेपर फिरवला की नवी कोरी काठी उरेल आणि नवी काठी तर दुकानात मिळतेच.

दिनानाथ_पार्टर | २४ जून, दुपारी ४:१५

वरचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. माझं वय सत्तरच्या पुढे, त्या काळात आम्ही ऑर्केस्ट्राचा एकही शो सोडायचो नाही, शिवाजी मंदिर असो, षण्मुखानंद असो की पार्ल्याचं दीनानाथ. पुढच्या रांगेत बसलं तर ड्रमरच्या पायाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसायचा. तेव्हा परदेशी काठी सहज मिळायची नाही, कोणी गल्फहून किंवा जहाजावरून आणली तर आणली. मग हे लोक कातारीकडे जाऊन लेथवर काठ्या घडवून घ्यायचे. मिळेल त्या लाकडाच्या. म्हणून सूनबाई, आधी बघून घ्या की सगळ्या जोड्या हिकरीच्याच आहेत का. एखादी कातारीने घडवलेली निघाली तर ती जास्त मोलाची समजा.

सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये तर कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केरसी आणि बर्जोर, अख्खं घराणंच तालवाद्यांत. ताडदेवच्या फिल्म सेंटरला रेकॉर्डिंग सुरू असलं की बाहेर उभं राहण्यात पण मजा होती.

लाकूडपारखी | २४ जून, संध्या. ६:००

काका, कातारीचा मुद्दा फार मोलाचा. ओळखायचं कसं तर मागच्या बुंध्याला बघा. कंपनीच्या काठीवर छाप असतो, घासून पुसट झाला असेल तर तिरक्या उजेडात बघा. लेथवरच्या काठीला बुंध्याच्या मध्यभागी कधीकधी खुंटीची बारीक खूण सापडते. आणि जोडीतल्या दोन काठ्यांची जाडी थोडी वेगळी लागेल. आता कंपन्या वजन आणि सूर दोन्ही जुळवून जोड्या लावतात. विक फर्थ हा बॉस्टन सिम्फनीत (अमेरिकेतल्या वाद्यवृंदात) टिंपनी, म्हणजे सुरात लावलेले मोठे ड्रम, वाजवायचा, त्याला बाजारातल्या काठ्या पसंत पडेनात म्हणून १९६३ मध्ये स्वतःची कंपनी काढली, आणि सुरात जुळवलेली जोडी हा त्याचा आग्रह.

सिलिका_जेल | २४ जून, रात्री ८:३०

फोटोग्राफर आहे, लेन्सची बुरशी हा माझा विषय. झाकण घट्ट बसणारा डबा, तळाला सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), वर जाळी, जाळीवर काठ्या. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे ओल भरली की कळतं. नारिंगी घ्या, निळं टाळा, निळ्यात कोबाल्ट असतं. ओल भरलं की ओव्हनमध्ये मंद आचेवर गरम केलं की परत वापरता येतं.

जतन_फोर्ट | २४ जून, रात्री ९:००

डबा चांगला, पण जुन्या काठ्यांसाठी जेल थोडंच घाला आणि आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास राहिलं की पुरे. वर्षानुवर्षं दमट हवेत राहिलेलं लाकूड एकदम खडखडीत कोरडं केलं तर चिरा पडतात. हळूहळू खाली आणा. काठ्या धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, नवं कापड असेल तर आधी दोनदा धुऊन खळ काढा. बांधायला सुती नाडी. रेक्झिनची पिशवी, वर्तमानपत्र, रबरबँड तिन्ही बंद. डांबरगोळ्या पण नकोत, पॉलिशला त्रास होऊ शकतो. आणि पेन्सिलने एका कागदाच्या चिठ्ठीवर लिहून नाडीला बांधा, काठ्या कोणाच्या, साधारण कधीच्या, कुठे वाजवल्या. सासूबाईंना आत्ताच विचारून लिहा, हे काम पुढे ढकलू नका.

कुंदा_काकू | २५ जून, सकाळी ६:३०

चिठ्ठीचं फार आवडलं. माझ्या वडिलांची लेझीम आहे, तिलाही आजच बांधते.

मेघना_माहीम | १९ जुलै, रात्री ११:१५

मंडळी, अपडेट. फ्रिजचा वरचा कप्पा खरंच पुरेसा थंड नव्हता, थर्मामीटर ठेवल्यावर कळलं. शेवटी ओळखीच्या एका आइस्क्रीमवाल्याने डीप फ्रीझरमध्ये जागा दिली. काठ्या काढून, पिशवी पूर्ण दिवस बंद ठेवून मगच उघडली. रबरबँड एका जोडीवरून अलगद सुटला, दुसऱ्यावर काळा पट्टा राहिलाय, तो तसाच ठेवला. सध्या काळ्या कागदावर आहेत, अजून तरी पावडर नाही.

काका, तुमचं खरं निघालं, एक जोडी लेथवरचीच आहे. आईंना दाखवली तर म्हणाल्या ही ग्रँट रोडला करून घेतलेली, लग्नाआधीची. मग त्या बोलत राहिल्या आणि मी लिहीत राहिले, चिठ्ठी कसली, वहीची पानं भरली. कोणत्या गाण्याला ब्रश (तारांचा), कोणत्याला काठी, कुठल्या गायिकेला ड्रम मोठा वाजलेला चालायचा नाही, सगळं.

लेकीच्या स्टिक्स आता खोलीत मधल्या कपाटात आडव्या, कांद्याच्या जाळीत. बुरशी परत आली नाही.

आता एक शेवटचं. लेकीला आजोबांच्या काठ्यांनी एकदा वाजवायचंय. द्यावं का?

जतन_फोर्ट | २० जुलै, सकाळी ८:१०

भुंग्याची जोडी अजिबात नाही, आतून पोकळ असेल, पहिल्या ठोक्याला तुटेल. लेथवरची पण देऊ नका, दुसरी तशी मिळणार नाही. हातात घेऊ दे, वजन तोलू दे.

बॅकबीट | २० जुलै, सकाळी ९:००

पहिल्या दोन्हींबद्दल पूर्ण सहमत. पण तिसरी, कंपनीची जोडी? तिला किडा नाही, चीर नाही. मी असतो तर प्रॅक्टिस पॅडवर, रिमशॉट नाही, सिम्बल नाही, एक गाणं वाजवू दिलं असतं. काठी वाजवायलाच केलेली असते.

जतन_फोर्ट | २० जुलै, सकाळी ९:२०

बॅकबीट, प्रत्येक वेळी "एकदाच" असंच सुरू होतं. जुन्या लाकडात आतली चीर बाहेरून दिसत नाही. तरी घरच्यांचा निर्णय असेल तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि मऊ रबराचा पॅडच, दुसरं काही नाही.

दिनानाथ_पार्टर | २० जुलै, सकाळी १०:४५

मला विचाराल तर आजीला ठरवू द्या.

मेघना_माहीम | २० जुलै, दुपारी १:३०

आईंनी ठरवलं. कंपनीची जोडी, पॅडवर, आणि त्या स्वतः शेजारी बसणार. फोटो काढून झालेत.

ताशेकरी_गिरगाव | २० जुलै, रात्री ९:५५

एक नंबर. जतनताई, जाता जाता आमचं पण सांगा ना. पथकातल्या काही टिपरांचा कोट पार गेलाय, नुसतं उघडं लाकूड, आणि गोदामात भुंगा आहेच. गणपतीला वेळ कमी आहे. चपडा लावू का?

लाकूडपारखी | २० जुलै, रात्री १०:२०

मी सांगतो. आधी ती टिपरं दोन-तीन दिवस पंख्याखाली नीट वाळवा, ओल्या लाकडावर कोट मारलात तर ओल आत कोंडते. मग २२० च्या कागदाने हलकं घासून धूळ पुसा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पातळच ठेवा, कापडाच्या बोळ्याने दोन हात, मध्ये वाळू द्या. भुंग्याला अंडी घालायला छिद्रं उघडी मिळणार नाहीत आणि हवेतली ओलही हळू शिरेल. पण चपड्यावर पाणी साचून राहिलं तर तो पांढरा पडतो, त्यामुळे भर पावसात वाजवणार असाल तर मूठ सोडून बाकी भागाला वार्निश मारा, मुठीला चपडा ठेवा म्हणजे घसरणार नाही. पाऊस उघडलेला दिवस बघून करा, आज केलंत तर वाळणार नाही. आणि स्पिरिट आहे, शेजारी कोणी विडी पेटवणार नाही एवढं बघा.

ताशेकरी_गिरगाव | २० जुलै, रात्री १०:३५

रविवारी उघडीप दिसतेय, तेव्हाच बसतो. गोदामातल्या भुंग्याच्या टिपरांचं काय, टाकू?

जतन_फोर्ट | २० जुलै, रात्री १०:५०

पावडर गळणारी असतील ती टाकाच, पण गोदामाच्या बाहेर नेऊन. कोपऱ्यात ढीग करून ठेवलात तर भुंगे उडून बाकीच्यांवर बसतील.